टेम्पो भरेपर्यंत थांबलेला माल : भोसरीतल्या एका पिन कारखान्याचं प्रकरण

कारखान्याची आणि माणसांची ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत. आकडे एकाच पटीने कमी-जास्त केले आहेत. त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण मात्र जसंच्या तसं आहे. मालाचं नियोजन पाहण्यासाठी मी या कारखान्यात जवळपास वर्षभर जात होतो.

पार्श्वभूमी

भोसरी एमआयडीसीतला साठ-पासष्ट माणसांचा कारखाना. वडिलांनी दोन लेथवर सुरू केलेला, आता मुलगाही कामात. ट्रॅक्टरच्या आणि मालवाहू गाड्यांच्या जोडणीत लागणाऱ्या पिना ते बनवतात. पिनांचे बेचाळीस प्रकार, पण रोजचा खप मुख्यतः सहा प्रकारांचा. ग्राहकाचे रविवार आणि सुट्ट्या वगळून सरासरी काढली तर दिवसाला १,५०० पिना ग्राहकाकडे जायच्या.

पिनेचा प्रवास असा : स्टीलचा बार कापायचा, सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या लेथवर) टर्निंग करायचं म्हणजे कातून आकार द्यायचा, इंडक्शन हार्डनिंगसाठी (विजेने तापवून वरचा थर कडक करायला) बाहेर पाठवायचं, परत आणून ग्राइंडिंग करायचं म्हणजे घासून नेमक्या मापात आणायचं, झिंक प्लेटिंगसाठी (जस्ताचा थर चढवायला) पुन्हा बाहेर पाठवायचं, परत आल्यावर तपासणी, पॅकिंग आणि डिस्पॅच. म्हणजे प्रत्येक पीस दोनदा गेटच्या बाहेर जातो आणि दोनदा आत येतो. पुणे पट्ट्यातल्या लहान कारखान्यांत असं काम सर्रास चालतं. हार्डनिंगवाला आणि प्लेटिंगवाला दोघेही दहा-बारा किलोमीटरच्या आत, पण विरुद्ध दिशांना.

अडचण

मला बोलावलं तेव्हा मोठे साहेब, म्हणजे वडील, म्हणाले, "माल कमी पडतो. मशीन वाढवायला हवं." सहा महिन्यांत दोनदा ग्राहकाची जोडणीची लाइन यांच्या पिनेसाठी थांबली होती आणि डेबिट नोट (नुकसानीची रक्कम यांच्या नावे टाकणारा कागद) आली होती. डिस्पॅच सांभाळणाऱ्या मुलाचा फोन दिवसभर कानाला. संध्याकाळी सातनंतर खास गाडी करून चाकणला ग्राहकाकडे माल पोचवणं हे रोजचंच झालेलं.

पण शॉपमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. लेथजवळ बिनं (माल ठेवायच्या लोखंडी पेट्या), ग्राइंडिंगच्या रांगेत बिनं, जिन्याखाली बिनं. माल कमी पडतो म्हणणाऱ्या कारखान्यात माणसं मालातून वाट काढत चालत होती.

बिनांवरची रूट कार्डं (माल कुठल्या टप्प्यांतून जायचा ते लिहिलेली) मी एका दुपारी मोजली. जवळपास ३०० कार्डांपैकी १९० वर लाल शिक्का होता : "अर्जंट". तीनपैकी दोन कामं अर्जंट असतील तर त्या शिक्क्याला अर्थ उरत नाही. कुठलं काम आधी घ्यायचं हे सकाळी फोनवर कोण जास्त जोरात बोललं यावर ठरायचं.

आधी मोजणी

काही बदलण्याआधी सगळा माल एकाच दिवशी मोजायचा, असा मी आग्रह धरला. दिवस निवडला गुरुवार. या भागात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे माल जागचा हलत नाही. हार्डनिंगवाल्याने आणि प्लेटिंगवाल्याने आमच्यासाठी गेट उघडं ठेवलं. स्टोअरचे मामा, मुलगा आणि मी, तिघांनी सकाळी आठ ते रात्री नऊपर्यंत मोजलं.

टर्निंग होऊन बाहेर जायच्या प्रतीक्षेत ११,००० पिना. हार्डनिंगवाल्याकडे ९,०००. ग्राइंडिंगच्या रांगेत ८,५००. ग्राइंडिंग होऊन प्लेटिंगला जायच्या वाटेवर ६,०००. प्लेटिंगवाल्याकडे १४,०००. परत येऊन तपासणीसाठी थांबलेल्या ४,०००. आणि पॅक होऊन तयार फक्त १,५००.

एकूण ५४,०००. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला साधा नियम इथे लावता येतो : साखळीत असलेल्या मालाला रोज बाहेर पडणाऱ्या मालाने भागलं की एका नगाला पूर्ण प्रवासाला सरासरी किती दिवस लागतात ते कळतं. ५४,००० भागिले १,५०० म्हणजे ३६ दिवस. प्लेटिंगनंतरचं बेकिंग (ओव्हनमध्ये तापवणं) धरलं तरी एका पिनेवर प्रत्यक्ष होणारं काम एका दिवसाच्या आतलं. उरलेले पस्तीस दिवस ती नुसती पडून असते.

मोठे साहेब बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे महिन्याहून जास्त दिवसांचा माल घरात आहे, आणि मी रोज रात्री गाडी पळवतोय?" हे त्यांनी स्वतः म्हणणं महत्त्वाचं होतं. माझ्या तोंडून आलं असतं तर ते फक्त सल्लागाराचं मत ठरलं असतं.

मोजणीत आणखी एक गोष्ट उघडी पडली. माल बाहेर पाठवताना केलेल्या चलानांच्या हिशोबाने बाहेर २६,५०० पिना असायला हव्या होत्या, प्रत्यक्षात २३,००० निघाल्या. परत आलेला माल चुकीच्या चलानावर जमा केलेला, सेटिंगमध्ये (मशीन पुढच्या पिनेसाठी लावताना) खराब झालेले पीस कुठेच न लिहिलेले. एका चलानावरच्या ४०० पिनांना वर्ष पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरले होते. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला (दुसऱ्याकडून काम करून घ्यायला) पाठवलेला माल एक वर्षात परत आला नाही, तर पाठवल्या दिवशीच तो विकला असं धरून कर आणि व्याज भरावं लागतं. अकाउंट्सवाल्या ताईंना हा नियम चांगला माहीत होता. त्या पिना कुठे आहेत हे सांगणारं मात्र त्यांना कोणी नव्हतं.

मूळ कुठे होतं

११,००० पिना टर्निंग होऊन तशाच का पडल्या आहेत, असं मी मामांना विचारलं. ते सहज म्हणाले, "साहेब, गाडी भरल्याशिवाय पाठवायची नाही, हा मोठ्या साहेबांचा जुना नियम आहे."

पिकअपमध्ये दीड टन माल बसतो. पिनेचं सरासरी वजन ३५० ग्रॅम, म्हणजे एका खेपेत सुमारे ४,२०० पिना. गाडी आठवड्यातून दोनदा हार्डनिंगला, दोनदा प्लेटिंगला. ती भरायची म्हणून टर्निंगला मोठमोठे लॉट चालायचे आणि अर्थातच सोपी, पटापट होणारी पिन आधी चालायची. ऑपरेटरचा इन्सेंटिव्ह नगांवर होता, त्यामुळे त्यांनाही तेच बरं. एकदम आलेल्या ४,२०० पिनांमध्ये उद्या लागणाऱ्या ३०० तळाशी. हार्डनिंगवाला वरून सुरुवात करायचा. तिथून परत येतानाही गाडी भरेपर्यंत थांबायची.

कारखान्याचं उत्पादन नियोजन पीपीसीच्या (नियोजन विभागाच्या) टेबलावर होत नव्हतं. ते टेम्पोच्या हौद्याच्या मापाने होत होतं. खेपेचे काही रुपये वाचवण्यासाठी घातलेल्या एका नियमावर बाकी सगळी व्यवस्था वर्षानुवर्षं बेतली गेली होती. नियम घातला तेव्हा तो बरोबरही असेल. तेव्हा प्रकार बेचाळीस नव्हते.

तोलून पाहिलेले पर्याय

पहिला पर्याय मोठ्या साहेबांचा : आणखी एक सीएनसी. टर्निंगपुढे आधीच ११,००० पिना पडून असताना त्याने ढीगच वाढला असता. मोजणीनंतर त्यांनी तो स्वतःच मागे घेतला.

दुसरा, हार्डनिंग आणि प्लेटिंग घरात आणणं. हार्डनिंगचा विचार पुढेमागे करता येईल. प्लेटिंगचा नाद सोडला, कारण इलेक्ट्रोप्लेटिंग प्रदूषण मंडळाच्या लाल वर्गात येतं. परवानगी, सांडपाण्याची प्रक्रिया आणि त्या कामातली माणसं हे सगळं नव्याने उभं करणं पिनवाल्याला झेपणारं नव्हतं.

तिसरा पर्याय मुलाचा, सॉफ्टवेअरचा. त्याने दोन डेमो पाहिले होते आणि त्याची तळमळ खरी होती, म्हणून मी हा पर्याय एका वाक्यात उडवला नाही. आम्ही दोघं बसलो आणि सॉफ्टवेअरला काय काय भरून द्यावं लागेल याची यादी केली. प्रत्येक टप्प्याला किती दिवस लागतात हे त्याला सांगावं लागतं. प्लेटिंगला किती लिहायचं? दोन दिवसांपासून बावीस दिवसांपर्यंत काहीही होत होतं. सरासरी लिहिली तर अर्धा माल उशिरा, जास्तीत जास्त लिहिलं तर सॉफ्टवेअर आणखी लवकर आणखी माल सोडायला सांगणार. त्यात चलानाचा साठा ३,५०० नगांनी चुकलेला. तो म्हणाला, "म्हणजे आधी दिवस स्थिर करायचे, मग ते मशीनला शिकवायचे." सॉफ्टवेअर पुढच्या वर्षावर गेलं.

चौथा पर्याय : गाडी लहान करायची, रोज पाठवायची, आणि साखळीत एका वेळी किती माल असेल याला मर्यादा घालायची. हाच घेतला.

काय केलं

*गाडी.* १,५०० पिना म्हणजे ५२५ किलो. क्रेटचं वजन धरूनही एका छोट्या हत्तीत दिवसाचा माल आरामात बसतो. सकाळी हार्डनिंगची फेरी, दुपारी प्लेटिंगची. द्यायचा तो द्यायचा, झालेला उचलायचा, गाडी अर्धी असली तरी वेळेवर निघायचं. या "अर्धी असली तरी"वर खूप वाद झाला. पिकअपच्या महिन्याला १८ खेपा, १,८०० रुपयांनी ३२,४००. छोट्या हत्तीचा महिन्याचा करार ४८,०००. साहेब म्हणाले, हा तर दीडपट खर्च. मग ताईंनी किरकोळ खर्चाच्या वह्या काढल्या. रात्रीच्या खास गाड्या महिन्याला सरासरी नऊ, दीड हजाराने साडेतेरा हजार. म्हणजे आजचा खर्चही ४५,९०० होताच. तो दोन वेगळ्या वह्यांमध्ये लिहिला जात असल्यामुळे एकत्र कोणी पाहिला नव्हता.

*क्रेट.* लोखंडी बिनं काढून ५० पिनांचे प्लास्टिक क्रेट आणले. भरलेला क्रेट साडेसतरा किलोच्या वर थोडासा, एका माणसाला उचलता येतो. प्रत्येक क्रेटवर बारचा हीट नंबर (स्टील कोणत्या वेळी वितळवलेलं ते सांगणारा) लिहिलेलं कार्ड, म्हणजे दोन हीटचा माल मिसळत नाही. रोज चालणाऱ्या पिनेसाठी क्रेट मोजून दिले. दिवसाला ४०० खपणारी पिन असेल तर रोजचे ८ क्रेट, फेरी पुरी व्हायला १२ दिवस धरले तर ९६, वर थोडी सूट मिळून ११५. यापेक्षा क्रेटच नाहीत. रिकामा क्रेट परत आला की ती टर्निंगला परवानगी. क्रेट नसेल तर ती पिन चालवायची नाही, मशीन मोकळं राहिलं तरी चालेल.

मोकळं मशीन बघणं मोठ्या साहेबांना सर्वांत जड गेलं. दुसऱ्या दिवशी एक लेथ दीड तास उभा होता, आणि ते केबिनमधून तीनदा बाहेर येऊन गेले. त्यांना मी दोष देणार नाही. उभं मशीन म्हणजे बुडालेला हप्ता, असं मानूनच त्यांनी कारखाना उभा केला. त्या दीड तासात सेटरने पुढच्या पिनेचे जॉज (पीस धरणारे जबडे) आणि टूल्स काढून ठेवले. हीच सवय पुढे सेटिंगचा वेळ अडीच तासांवरून सव्वा तासावर आणायला कामी आली.

*प्लेटिंगवाला.* ही बैठक मला सर्वांत अवघड वाटत होती. रोज लहान लॉट म्हटल्यावर तो जास्त दर मागणार, अशी आमची अपेक्षा. त्याची खरी अडचण वेगळीच निघाली. हार्डनिंग झालेल्या पिनांमध्ये प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन शिरतो. काही तासांच्या आत ओव्हनमध्ये घालून तो काढला नाही, तर पिन पुढे कधीतरी अचानक तडकते. त्यामुळे ओव्हनचा घाणा भरेल एवढा माल जमल्याशिवाय तो टाकीच सुरू करायचा नाही. त्याचा घाणा होता सुमारे ८०० पिनांचा. मग आम्हीच रोज दोन घाणे ठरवून दिले : सकाळी एक, दुपारी एक.

एवढं झाल्यावर तो हळूच म्हणाला, "वेळ देतो साहेब, पण माझं बिल नव्वद दिवसांनी येतं." छोट्या नोंदणीकृत उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचे, हा कायदा २००६ पासून आहे. ज्याला आपण दर तिसऱ्या दिवशी फोन करून "आमचं आधी कर" म्हणतो, त्याचेच पैसे आपण तीन महिने अडकवून ठेवत होतो. तीस दिवसांत पैसे द्यायचं ठरलं. दर वाढला नाही.

*तयार मालाचा साठा.* वाहतूक बंद पडली, बाहेर आग लागली तर काय, असं मोठ्या साहेबांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानमध्ये कारिया इथल्या आयसिनच्या कारखान्याला आग लागली आणि ब्रेकच्या एका लहानशा व्हॉल्व्हसाठी टोयोटाच्या जवळपास सगळ्या लाइन्स थांबल्या. पुरवठादारांनी मिळून काही दिवसांत उत्पादन सावरलं, पण ते टोयोटासाठी झालं. आमच्यासाठी कोण धावणार? म्हणून सहा मुख्य पिनांचा तीन दिवसांचा तयार साठा ठेवायचं ठरवलं. शिवाय भोसरीची सुट्टी गुरुवारी, ग्राहकाची रविवारी. आपण बंद असताना त्याची लाइन चालू असते. तो एक दिवसही याच साठ्याने भागवला.

काय बिघडलं

पहिले तीन आठवडे वाईट गेले, आणि चूक माझी होती. बेचाळीसही प्रकारांना मी ठरावीक क्रेट देऊन टाकले. महिन्यातून एकदा लागणाऱ्या पिनेचा क्रेट रिकामा झाला की टर्निंगवाला नियमाने तो भरायचा, आणि मग तो ग्राइंडिंगसमोर आठवडाभर बसायचा. चालणारा माल त्याच्यामागे अडकायचा. तिसऱ्या आठवड्यात एका मुख्य पिनेसाठी पुन्हा रात्रीची गाडी करावी लागली. चौथ्या आठवड्यात बदल केला : सहा पिनांना कायमचे क्रेट, बाकी छत्तीस फक्त ऑर्डर आल्यावर, आणि त्या सगळ्यांना मिळून १२० क्रेटची कमाल मर्यादा.

परिणाम

पाच महिन्यांनी पुन्हा एका गुरुवारी मोजलं. एकूण २६,०००, म्हणजे सुमारे १७ दिवस. टर्निंगनंतर थांबलेल्या ३,०००, हार्डनिंगला ४,५००, ग्राइंडिंगच्या रांगेत ४,०००, प्लेटिंगला जायच्या २,०००, प्लेटिंगवाल्याकडे ५,५००, तपासणीत १,५००.

आणि तयार माल ५,५००. एकूण साठा निम्म्याहून कमी झाला आणि गाडीत चढवता येईल असा माल साडेतीन पटींहून जास्त झाला. मुलाने हे दोन आकडे ऑफिसच्या फळ्यावर लिहिले. मी शेवटचा गेलो तेव्हाही ते तिथेच होते.

त्या पाच महिन्यांतल्या शेवटच्या तीन महिन्यांत ग्राहकाची लाइन थांबली नाही. रात्रीच्या गाड्या महिन्याला एक-दोनवर आल्या. मोकळ्या झालेल्या पैशांतूनच प्लेटिंगवाल्याला लवकर पैसे देता आले. सातव्या महिन्यात एका घाण्याचं प्लेटिंग सोलवटून निघत होतं. माल दुसऱ्याच दिवशी तपासणीत पोचल्यामुळे ते ८०० पिनांवर थांबलं. जुन्या पद्धतीत हे कळेपर्यंत दहा-बारा हजार पिना त्याच टाकीतून निघाल्या असत्या.

सगळंच सुटलं असं नाही. ग्राहकाचं शेड्यूल महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अजूनही उड्या मारतं, आणि छत्तीस पिनांपैकी काही अजूनही उशिरा जातात. बार मात्र व्यापारी टनावारीच देतो, तिथे आम्ही हात घातला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मर्यादा आधी फक्त दोन पिनांवर घालून महिनाभर बघायला हवं होतं. मला घाई झाली होती, कारण मोजणीचा धक्का ताजा असताना सगळे तयार होते. तीन आठवड्यांचा गोंधळ त्यातून आला.

प्लेटिंगवाल्याला पहिल्याच आठवड्यात भेटायला हवं होतं. मी दीड महिना आकडेमोडीत घालवला, आणि त्याच्या ओव्हनचा घाणा ही सर्वांत उपयोगाची माहिती त्याच्याकडे जाऊन पाच मिनिटांत मिळाली.

तिसरी गोष्ट मला अजून लागून राहिली आहे. क्रेट नसेल तर मशीन थांबवायचं, असा नियम आम्ही केला, पण ऑपरेटरचा इन्सेंटिव्ह नगांवरच राहिला. माल कमी सोडला, तसा त्यांचा पगार पहिल्याच महिन्यात घटला. ज्यांनी आम्ही सांगितलं तेच केलं, त्यांच्याच खिशाला चाट. सहा नंबरच्या लेथवरचा ऑपरेटर, सर्वांत हातखंडा असलेला, मला दोनदा म्हणाला होता, "साहेब, आमचं कसं?" मी म्हटलं, बघू. दिवसाची यादी पूर्ण झाली की पूर्ण इन्सेंटिव्ह, हा बदल तिसऱ्या महिन्याच्या पगारापासून लागू झाला. तो त्याआधीच चाकणला दुसरीकडे लागला होता. सेटिंगचा वेळ कमी करताना जॉज मांडायची जी पद्धत सगळ्यांनी उचलली, ती त्याची होती.